छतावरची सोलर टाकी बदलली, त्याचा हिशोब

४६,३०० रुपये. घरात पाणी तापवायची सोय बदलायला आमचे एवढे गेले, आणि दुकानात पहिल्या दिवशी ऐकलेला आकडा होता २६,५००. मधले १९,८०० कुठं गेले ते लिहायला बसलोय, कारण सध्या बेळगावात ज्याला विचारावं त्याची सोलरची टाकी गळायला लागलीय आणि प्रत्येकजण दुकानातला आकडा ऐकून घरी येतोय, तेवढेच पैसे बाजूला काढतोय आणि मग अर्ध्या कामात बायकोकडं हात पसरतोय.

सगळ्यांच्या टाक्या एकदमच गळायला लागल्या याला कारण आहे. २००७ साली कर्नाटक सरकारनं शहरांतल्या नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, आणि त्याच सुमाराला अनगोळ, वडगाव, हिंडलगा, कंग्राळी अशी सगळीकडं घरं वाढत होती. स्लॅब पडला की वर सोलर, मग वास्तुशांत. आता त्या टाक्यांचं वय झालं पंधरा-सोळा वर्षं, आणि आपलं पाणी काय विचारूच नका. राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी तसं चांगलं, पण नळ यायला उशीर झाला की बोअर चालू, आणि बोअरच्या पाण्यानं भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच टाकीत आणि पाइपातबी बसतो, फक्त तिथला कुणाला दिसत नाही.

आमची टाकी २००९ ची. वरून पावडर कोटिंगचा पत्रा, मध्ये पिवळा फोम, आत खरी टाकी. बाहेरच्या पत्र्यावर गंजाचा ओघळ दिसला तेव्हा आतली टाकी केव्हाच सडली होती. प्लंबर वडगावचा, आईच्या ओळखीतला. वर चढून बघितला, पत्र्यावर दोन टिचक्या मारला आणि खाली येऊन चहा घेत म्हणाला, "काका, टाकी गेली बघा. वेल्डिंग मारूया म्हटलासा तर मी मारतो की, माझं काय जातंय, पण सा महिन्यानं परत मलाच बोलवशीला." वेल्डिंगचे तो तीन हजार सांगत होता, कारण फोम कापून आतपर्यंत जायला लागतं आणि परत भरायला लागतं. फक्त टाकी बदलून जुनी पॅनल ठेवायची म्हटलं तर सोळा हजार, पण पॅनलच्या काचा धुरकट झालेल्या आणि आतल्या नळ्यांत क्षार बसलेले, म्हणजे नव्या टाकीला जुन्या पॅनलचं कोमट पाणी. ते दोन्ही बाद.

मग काय, गिझर घ्यायचा का? घरात पहिली हीच सूचना आली, आणि ती काही चुकीची नाही. २५ लिटरचा चांगला फाइव्ह स्टार गिझर नऊ-दहा हजारात येतो, भिंतीला टांगला की झालं. पण इथं आपल्या कर्नाटकात एक वेगळंच गणित आहे आणि ते गणित दुकानदार सांगत नाही, कारण त्याला ते सांगून काही मिळत नाही.

आधी पाण्याचं बघू. आम्ही पाच माणसं, आंघोळीला माणशी वीस लिटर कढत-विसण मिळून धरा, म्हणजे १०० लिटर. थंडीत टाकीतलं पाणी २० डिग्रीला असतं, आंघोळीला ४० पाहिजे. १०० लिटर पाणी २० डिग्रीनं तापवायला साधारण २.३ युनिट वीज लागते, हे शाळेतलं फिजिक्स आहे, यात कंपनी कुठलीही असो फरक पडत नाही. कितीबी स्टार लावले तरी पाणी तापायला लागतं तेवढं लागतंच, स्टारचा संबंध फक्त तापलेलं पाणी तसंच पडून राहिलं तर किती निवतं याच्याशी. ते निवणं धरून दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९०. २०२५ च्या दरानं युनिटला ५ रुपये ८० पैसे आणि वर टॅक्स, म्हणजे सहाशेच्या आतबाहेर. एवढंच असतं तर मी गिझर घेऊन मोकळा झालो असतो.

पण गृहज्योती आहे ना, कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना. ती २०२३ मध्ये आली तेव्हा सगळ्यांना वाटलं सरसकट २०० युनिट फुकट, तसं नाहीय ते. २०२२-२३ सालात तुमचा महिन्याचा ॲव्हरेज किती होता तो काढला, त्यावर १० टक्के जास्त दिले, तेवढं तुमचं फुकट, आणि त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटचे पैसे. आणि २०० च्या वर गेलात की फुकट वगैरे काही नाही, पहिल्या युनिटपासून अख्खं बिल. आता बघा, आमच्या घरात त्या वर्षी सोलर व्यवस्थित चालत होता, म्हणून ॲव्हरेज आला ९४. दहा टक्के धरून १०३ युनिट फुकट. समोरच्यांच्या घरी तेव्हा दोन गिझर, त्यांचा ॲव्हरेज १८० च्या घरात, त्यांना जवळजवळ १९८ फुकट. ज्यानं सरकारचं ऐकून सोलर लावला त्याला कमी, ज्यानं दोन-दोन गिझर जाळले त्याला जास्त! मी हे समोरच्यांना बोलून दाखवलो तर ते हसून म्हणाले, "मग लावायचा नव्हतासा की सोलर." काय बोलणार.

तर आमच्या ९४ मध्ये गिझरचे ९० मिळवले की १८४. त्यातले ८१ युनिट विकतचे, म्हणजे आज जिथं बिल शून्य येतंय तिथं पाचशे-साडेपाचशे येणार. हेही चालेल. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पाहुणे असतात, पोरांची केस धुवायची आंघोळ अर्धा तास चालते, पहाटे थंडी अशी की नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा २०० ओलांडायला वेळ लागत नाही. २०५ युनिट झाले की ते पाच युनिट पाचचे राहत नाहीत. युनिटचे जवळजवळ बाराशे, तीन किलोवॉटचा फिक्स चार्ज किलोवॉटला १४५ प्रमाणे ४३५, वर टॅक्स आणि सरचार्ज, मिळून अठराशेच्या आसपास. पाच युनिटांपायी अठराशे. म्हणून गिझरची खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर नसते, तुमचा २०२२-२३ चा ॲव्हरेज काय होता त्यावर असते. तुमचा ॲव्हरेज १७०-१८० चा असेल आणि आत्ता वापर कमी झाला असेल तर खुशाल गिझर घ्या, तुमच्यासाठी तोच सगळ्यात स्वस्त. ही योजना किती वर्षं टिकेल ते वेगळं. सुवर्णसौधात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा सगळे मंत्री आमच्याच गावात असतात, पण ते हॉटेलातल्या गिझरवर आंघोळ करून बाहेर पडतात, त्यांना कशाला विचारायचं.

गॅस गिझरचा विचार झाला आणि हिशोबात तो चांगलाच निघाला. सिलिंडर १४.२ किलोचा, त्यातून गिझरच्या हिशोबानं साधारण १४५ युनिटइतकी उष्णता पाण्यात जाते, म्हणजे आमच्या वापराला एक सिलिंडर दोन महिने. सिलिंडर नऊशे धरला तरी महिन्याला साडेचारशे, आणि करंट गेला तरी पाणी येतं. पण आमची न्हाणी आहे पाच बाय सात, एक एवढुशी खिडकी, तीबी आई थंडीत पुठ्ठा लावून बंद करते. अशा न्हाणीत गॅस गिझर म्हणजे जीवाशी खेळ. गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आत बसल्या जागी बेशुद्ध होतो आणि बाहेरच्याला कळतसुद्धा नाही. दरवर्षी थंडीत पेपरात अशी बातमी येतेच. लावायचाच असेल तर गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त पाण्याचा पाइप. आमच्याकडं बाहेरची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला लागून, तिथं काही लावायचं म्हणजे वेगळं महाभारत. बाद.

आईचं मत पहिल्यापासून एकच, बंब आहे की. आजीच्या वेळचा तांब्याचा बंब मागच्या अंगणात आहे, अजून ठणठणीत, आणि तो मोडीत घालायचं नाव काढलं की आई दोन दिवस बोलत नाही. बंबाला मी हसत नाही, पण एकदा बसून हिशोब केलो तर गंमत निघाली. लाकडाच्या उष्णतेतला फार तर तिसरा हिस्सा पाण्यात जातो, बाकी धुराड्यातून वर. १०० लिटरला दोन-तीन किलो लाकूड लागणार, आणि वखारीतनं विकत आणलं तर किलोला आठ-दहा रुपये, म्हणजे दिवसाला पंचवीस, महिन्याला साडेसातशे. विकतच्या लाकडावर बंब हा गॅसपेक्षा आणि विजेपेक्षाबी महाग! बंब स्वस्त वाटतो तो गावाकडं. बेळगुंदीला मावशीकडं करवंट्या, नारळाची सोडणं, काजूच्या बागेतल्या वाळक्या फांद्या, सगळं आयतं, तिला पाणी तापवायला एक रुपया पडत नाही, पडते ती फक्त धुरानं डोळ्यातनं धार. (काजूच्या टरफलांचा जाळ मात्र न्हाणीजवळ करू नका, त्यातलं तेल अंगावर उडालं तर कातडं भाजतं आणि धूर घशाला लागतो.)

हीट पंप नावाचा प्रकारबी बघितला. फ्रिज उलटा चालवल्यावर जसं होईल तसं काम करतो, हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, आणि वीज गिझरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी खातो. आपल्या हवेला तो उत्तम, कारण इथं पारा कधी शून्याखाली जात नाही. पण घरगुती २०० लिटरचा पाऊण लाखाच्या पुढं, आणि बिघडला तर उद्यमबागेत कुणाकडं न्यायचा हे विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं. "कंपनीचा माणूस हुबळीहून येतोय सर." येतोय म्हणजे कधी येतोय?

याच दिवसांत इंग्लंडातल्या लेस्टरहून मावसभावाचा फोन. त्याच्याकडंबी तेच रडगाणं, घरातला बॉयलर गेला. तिथला बॉयलर म्हणजे नुसत्या आंघोळीचं पाणी नाही, घरातले सगळे रेडिएटर त्याच्यावर चालतात, तो बंद पडला की जानेवारीत घरात कोट घालून बसायचं. नवा बसवायला त्याला २,८०० पौंड सांगितलेले. आपल्या रुपयांत तीन लाखाच्या वर! मी म्हटलं दादा, तेवढ्यात इथं गल्लीतल्या सगळ्यांचे सोलर होतील. तो म्हणाला, अरे पेटी तेवढ्याची नाहीच, पेटी निम्म्याचीच असेल, बाकी बसवणाऱ्याचे. तिथं गॅस सेफमध्ये नोंदणी असलेल्या माणसाशिवाय गॅसच्या बॉयलरला हात लावता येत नाही, जुन्या रेडिएटरमधला गाळ धुऊन काढावा लागतो, गाळ परत जाऊ नये म्हणून चुंबकाचा फिल्टर बसवतात, आणि दहा वर्षांची वॉरंटी म्हणतात खरी पण दरवर्षी सर्व्हिसिंग केलं नाही की ती गेली. सरकार हीट पंप घेणाऱ्याला साडेसात हजार पौंड देतंय म्हणे, पण त्याच्या घराला त्यासाठी रेडिएटर मोठे करायला लागतात म्हणून त्यानं गॅसचाच घेतला. फोन ठेवल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण "पेटी निम्म्याचीच" हे त्याचं वाक्य डोक्यात बसलं, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबरला म्हटलं, सोलरच घेऊया, पण दुकानातला आकडा सोडून बाकीचं सगळं मला आधी कागदावर लिहून दे.

सोलरमध्ये दोन जाती. जुनी आमची होती ती सपाट पॅनलची, काळा पत्रा, त्याखाली तांब्याच्या नळ्या, वर काच. नवीन चालते ती काचेच्या ट्यूबची, थर्मासच्या बाटलीसारखी दुहेरी काच आणि मध्ये हवा काढलेली, त्यामुळं थंडीतल्या कोवळ्या उन्हातबी पाणी बऱ्यापैकी तापतं. सपाटवाली २०० लिटरची चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं, ट्यूबवाली पंचवीसच्या आसपास. बोअरच्या पाण्याला ट्यूबवाली बरी, क्षार बसला तर ट्यूब काढून धुता येते, सपाट पॅनलच्या बारीक नळ्या एकदा चोंदल्या की चोंदल्या. तोटा एकच, काच आहे, फुटते. त्यावर नंतर येतो.

सबसिडीचं सांगायला पाहिजे कारण दर दोन माणसांत एकजण सांगतो, "सोलरला ७८ हजार मिळतायत की रे." मिळतायत, पण ते वीज तयार करायच्या पॅनलला, पंतप्रधान सूर्यघर योजनेत, तीन किलोवॉटला. पाणी तापवायच्या सोलरला नाही. या आपल्या सोलरवरची केंद्राची सबसिडी २०१४ लाच बंद झाली. दुकानात एका पोरानं तोंड भरून "सबसिडीचं आम्ही बघतो सर" म्हटलं, मी योजनेचं नाव विचारलं तर तो मालकाकडं बघायला लागला. त्यापेक्षा एक खरा फायदा झाला तो जीएसटीचा. २०२५ च्या सप्टेंबरात सोलर वॉटर हीटरवरचा १२ टक्के होता तो ५ वर आला, गिझरवरचा १८ चा १८ च राहिला. २६,५०० हा आकडा त्यानंतरचा आहे, म्हणजे तेवढे सतराशे-अठराशे वाचलेच.

आता ते १९,८००.

सगळ्यात मोठा खड्डा पाइपाचा. जुना पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पंधरा वर्षांत आतून अर्धा बुजलेला, आणि प्लंबर म्हणाला नव्या टाकीला हाच जोडलासा तर मग नवी टाकी कशाला घेतलासा. छतापासून खालच्या न्हाणीपर्यंत सगळा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप केला, त्यावर काळं फोमचं आवरण. सामानाचे ५,६०० आणि त्याची मजुरी ४,०००. आवरण नको म्हणायचा मोह होतो, ते दिसायला क्षुल्लक वाटतं पण छतावरून खालपर्यंत लांबलचक पाइप असला की पहिली बादली थंडच येते, ती मोरीत सोडायची आणि मग गरम पाणी. त्यात आमच्याकडं नळाला रोज पाणी नाही. त्या आवरणानं पाइपात थांबलेलं पाणी जरा उशिरा निवतं, एवढंच.

दुसरी गोष्ट स्टँड. जुन्या पॅनलचा अँगल नव्या ट्यूबला बसत नाही, तोंड दक्षिणेला आणि उतार बरोबर पाहिजे, आणि गार पाण्याची सिंटेक्स सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर पाहिजे नाहीतर पाणी उतरतच नाही. आमची सिंटेक्स थोडी खाली होती. चार सिमेंटचे कट्टे बांधून ती उचलली, स्टँडसकट २,४००. वर चढवायचे १,२००, कारण जिना अरुंद, टाकी वळणावर अडकायची, शेवटी गच्चीवरून दोर सोडून ओढली आणि खाली सगळी गल्ली तोंड वर करून उभी.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, इलेक्ट्रिकचं. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून टाकीत दोन किलोवॉटची कॉइल घ्यावी लागते, थर्मोस्टॅट धरून १,९००. कॉइल बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन कन्नड माणूस, मराठी समजतं पण बोलताना कन्नडच येतं त्याला. त्यानं मीटरजवळ टेस्टर-बल्ब लावून बघितलं आणि मान हलवली, "अर्थिंगे इल्ला सर." म्हणजे अर्थिंगच नाही! कंपाउंडची भिंत बांधताना कधीतरी गवंड्यानं अर्थिंगची पट्टी तोडून टाकलेली, आणि इतकी वर्षं घरातली सगळी थ्री-पिन सॉकेट नुसती शोभेला. कॉइल पाण्यात बसलेली असते, तिचं आवरण फाटलं तर करंट पाण्यातून खाली न्हाणीत येऊ शकतो, आणि ओल्या अंगाचा माणूस नळाला हात लावणार. त्यानं नवा खड्डा काढून पाइप घातला, चार स्क्वेअरची वायर वरपर्यंत नेली, एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे करंट जादा झाला किंवा गळाला की आपोआप वीज तोडणारी बटनं, बसवली. ४,७००. एवढ्या सगळ्या खर्चात घासाघीस न करता दिलेले हे एकच पैसे.

तुम्ही वर २६,५०० मांडून हे सगळं मिळवलंत तर ४६,३०० येतील.

यातले थोडे परत आले ते सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचं नुकसान होतंय. दुकानवाले एक्स्चेंजमध्ये जुन्या सिस्टीमचे दोन-अडीच हजार देतात आणि वर उचलून नेतात, आपल्यालाबी वाटतं चला अडगळ गेली. मोडीवाला आला तर त्यानं लोखंडाच्या भावानं अख्ख्याचे तीन हजार सांगितले. तेवढ्यात प्लंबर म्हणाला, "काका थांबा की जरा," आणि पॅनलची काच काढून काळा पत्रा नखानं खरवडला. खाली लाल तांबं. नळ्याबी तांब्याच्या, पत्राबी तांब्याचा. त्या काळातली बरीच पॅनल अशी आहेत, हल्लीच्यात पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. दोन्ही पॅनलमधनं बारा किलो तांबं निघालं, मोडीत ७०० रुपये किलोनं गेलं, ८,४०० रुपये हातात. मोडीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. प्लंबरला त्यातले पाचशे दिलो, घेत नव्हता, आईनं खिशात घातले. तुमची टाकी गळत असेल तर एक्स्चेंजला हो म्हणायच्या आधी एवढं खरवडून बघाच.

मग सोलर परवडला का? गिझर वायरिंग-अर्थिंग धरून पंधरा हजारात झाला असता. सोलरला तांब्याचे वजा करून जवळजवळ ३८ हजार. वरचे २३ हजार वसूल व्हायला, वर्षातले आठ महिने पाचशे-पाचशे वाचतायत असं धरलं तर सहा वर्षं जातील. जाहिरातीत दोन वर्षांत पैसे वसूल लिहितात ते मला कुठल्याच हिशोबानं येत नाही. घरात दोनच माणसं असतील तर सोलरच्या मागं लागू नका असं मी सरळ सांगतो. आम्ही पाचजण आहोत, आईला दिवसातून दोनदा गरम पाणी लागतं, आणि आमचा गृहज्योतीचा आकडा १०३ वर अडकलाय, म्हणून आमच्यासाठी ते जमतं.

आठ महिने म्हटलं ते पावसामुळं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचं आभाळ उघडत नाही, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, आणि तेव्हा सोलरवाल्याची खरी परीक्षा. लोक काय करतात, कॉइलचं बटन रात्री चालू करून झोपतात. अहो, कॉइल २०० लिटर तापवते, तुम्हाला लागतंय १००. अख्खी टाकी २५ डिग्रीनं तापवायची तर रोजचे ५.८ युनिट, महिन्याचे १७५, घरातले ९४ मिळवा, गेले २०० च्या वर, आलं अख्खं बिल. छतावर सोलर असून जुलैत समोरच्या दोन गिझरवाल्यांपेक्षा जास्त बिल भरलेली घरं मला माहीत आहेत. त्यापेक्षा पहाटे तासभर कॉइल, तीबी टायमरवर, ढगातनं आलेल्या थोड्याफार उन्हानं पाणी आधीच कोमट असतं त्याला तेवढं पुरतं. बायको म्हणते, "अहो, टायमर लावा नाहीतर मी बटनच काढून ठेवते." टायमर सातशेला मिळतो, तो या ४६,३०० मध्ये धरलेला नाही. आणि अगदीच लागून राहिलेल्या पावसात आई मागं बंब पेटवते. वर्षभराच्या करवंट्या पोत्यात भरून ठेवलेल्या असतातच तिच्या.

राहिला काचेचा विषय. आमच्या मागं आंब्याची दोन झाडं, आणि त्यावर वानरांचा कळप येतो. सपाट पॅनलवर ती खुशाल बसायची, पोरंसोरं घेऊन ऊन खायची, काही बिघडत नव्हतं. आता खाली वीस ट्यूब. एक ट्यूब फुटली की टाकीतलं सगळं पाणी त्या भोकातनं वाहून जातं, ट्यूब चारशेला, बसवणावळ वेगळी, आणि ती माकडानं फोडली तर वॉरंटीत येत नाही, हे वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय, "बाह्य आघात" म्हणून. शेजारच्या गल्लीत एकानं वरून जाळी टाकलीय, पण जाळी जवळ बांधली तर सावली पडते आणि लांब बांधली तर वानरं त्यावर झोके घेतात. प्लंबर म्हणतो फुटानं वर, मोठ्या चौकटीची वेल्डेड जाळी टाकूया. उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याला माप देऊन आलोय, त्याचा आकडा आला की तो वर मिळवायचा.